रेणूची आकृती : काढावी कशी, वाचावी कशी?

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूचा हंगाम ऐन भरात येतो. बोंडू मळले जातात, भट्ट्या पेटतात, बियांचे ढीग अंगणात वाळत पडतात. हंगाम संपतो न संपतो तोच भिरंडे पिकू लागतात आणि घरोघर आमसुले उन्हात दिसू लागतात. फेणी, काजूबियांचे झोंबरे तेल, आमसुलाची आंबटाई, खोबरेल तेल या वस्तूंशी आपला परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मात्र हेच पदार्थ शास्त्राच्या पुस्तकात रेषा, षटकोन आणि अक्षरे यांच्या आकृत्यांतून समोर आले की ते अगदी परके वाटू लागतात.

दहावीच्या वर्गात कार्बनच्या संयुगांचा अभ्यास सुरू होतो आणि तेथेच अनेक विद्यार्थ्यांची वाट अडते. आपल्याकडील अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठी वा कोकणी भाषेतून होते व माध्यमिक शाळेत पुष्कळांना शास्त्र विषय इंग्रजीतून शिकावा लागतो. नवी भाषा आणि नवा विषय यांचे ओझे एकाच वेळी आले की मूल आकृती समजून न घेता पाठ करते, आणि पाठ केलेली आकृती परीक्षेनंतर टिकत नाही. वास्तविक रेणूची आकृती कोणत्याही एका भाषेची मिरास नव्हे. तिचे मोजके नियम एकदा समजले की ती पणजीत, पुण्यात किंवा पॅरिसमध्ये सारखीच वाचली जाते. हे नियम आपल्याच परिसरातील पदार्थांच्या आधारे समजावून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. वाचकांनी पाटी आणि खडू जवळ घेऊन हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

उतारा आणि नकाशा

जमिनीचा एक-चौदाचा उतारा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावरून क्षेत्र किती, कब्जेदार कोण, कूळ कोण याची माहिती मिळते. परंतु बांध कोठून जातो, विहीर कोणत्या कोपऱ्यात आहे हे पाहावयाचे असल्यास मोजणीचा नकाशाच उघडावा लागतो. रेणूच्या बाबतीतही असेच दोन दस्तऐवज असतात. कोणते अणू किती आहेत हे सांगणारे ते रेणुसूत्र, आणि कोणता अणू कोणाशी जोडलेला आहे हे दाखविणारे ते रचनासूत्र.

केवळ उताऱ्यावर विसंबल्यास कसा घोटाळा होतो, याचे उत्तम उदाहरण फेणीत सापडते. फेणीत पाण्याखालोखाल मुख्य घटक असतो तो एथिल अल्कोहोल म्हणजेच एथेनॉल. त्याच्या रेणूत २ कार्बन, ६ हायड्रोजन व १ ऑक्सिजन असे ९ अणू असतात. डायमेथिल ईथर नावाच्या दुसऱ्या एका पदार्थातही हेच ९ अणू, याच संख्येने असतात. तरीही एथेनॉल हा सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव आहे, आणि डायमेथिल ईथर शून्याखाली सुमारे २४ अंशांवरच उकळत असल्यामुळे नेहमीच्या हवेत वायुरूपातच राहते. उतारा एक असूनही मालमत्ता दोन! अशा पदार्थांना समघटक म्हणतात. त्यांच्यातील भेद रेणुसूत्रात दिसत नाही, तो पाहण्यासाठी आकृतीच काढावी लागते.

चार हातांचा नियम

आकृती काढण्यासाठी तीन आकडे लक्षात ठेवले म्हणजे पुरेसे आहे. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन हात आणि हायड्रोजनला एक हात. प्रत्येक हात दुसऱ्या अणूच्या हातात गुंतलाच पाहिजे, एकही मोकळा राहता कामा नये. दोन अणूंमधील अशा जोडणीला बंध म्हणतात व तो एका रेषेने दाखवितात.

आता पाटीवर कार्बनसाठी ‘सी’ हे रोमी अक्षर शेजारी शेजारी दोनदा काढून ती दोन्ही रेषेने जोडावीत. उजव्या ‘सी’ला रेषेने ऑक्सिजनचा ‘ओ’ जोडावा आणि ‘ओ’च्या दुसऱ्या हाताला हायड्रोजनचा ‘एच’ द्यावा. डाव्या कार्बनचे तीन हात व उजव्याचे दोन हात अजून मोकळे आहेत. त्या पाचही हातांना एकेक ‘एच’ द्यावा. ९ अक्षरे व ८ रेषा झाल्या, एथेनॉल तयार झाले. आता तेच ९ अणू घेऊन ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसवावा आणि प्रत्येक कार्बनला तीन-तीन हायड्रोजन द्यावेत. रेषा पुन्हा ८ च झाल्या, पण हे डायमेथिल ईथर आहे. पहिल्या आकृतीत ऑक्सिजनच्या हाती एक हायड्रोजन आहे, दुसरीत नाही. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या या जोडीमुळेच एथेनॉलचे रेणू परस्परांना धरून राहतात आणि त्यांना उकळविण्यास अधिक उष्णता लागते.

हा चार हातांचा नियम फार जुना नाही. कार्बन चार बंध करतो आणि कार्बनचे अणू परस्परांशी जोडले जाऊन साखळ्या बनतात, हा विचार १८५८ साली जर्मनीचे केकुले आणि स्कॉटलंडचे कूपर यांनी स्वतंत्रपणे मांडला. १८६४ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांनी वर्तुळात अक्षर व वर्तुळांमध्ये रेषा अशा पद्धतीने रेणू काढले. आजच्या आकृत्या त्यांच्याच वंशातील आहेत, फक्त वर्तुळे गळून पडली आहेत. १८६५ साली हॉफमन यांनी लंडनमधील एका व्याख्यानात क्रोकेच्या खेळातील रंगीत चेंडूंनी रेणूंच्या प्रतिकृती दाखविल्या. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा हा त्यांचा संकेत शाळांच्या प्रयोगशाळांतील प्रतिकृतींत आजही पाळला जातो.

एका कार्बनचा फरक

याच आकृतीतून एक गंभीर गोष्टही कळते. एथेनॉलच्या आकृतीतील डावीकडचा कार्बन त्याच्या तीन हायड्रोजनांसह पुसून टाकावा आणि मोकळ्या झालेल्या हाताला एक हायड्रोजन द्यावा. हे मेथेनॉल होय. रंग नाही, वास साधारण तसाच, पाण्यात तसेच मिसळणारे. परंतु पोटात गेल्यावर या दोन पदार्थांचे मार्ग भिन्न होतात. शरीरात एथेनॉलपासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड व नंतर ॲसेटिक आम्ल बनते. ॲसेटिक आम्ल म्हणजे माडाच्या सुरेपासून होणाऱ्या विनागरातले आम्ल. मेथेनॉलपासून मात्र फॉर्माल्डिहाइड व त्यानंतर फॉर्मिक आम्ल तयार होते. ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आघात करते, दृष्टी जाते, प्राणही जातो. देशात विषारी दारूने जे बळी वेळोवेळी गेले, त्यांतील अनेक प्रकरणांच्या मुळाशी हेच मेथेनॉल होते.

हा भेद जिभेला किंवा नाकाला खात्रीने ओळखता येत नाही, तो प्रयोगशाळेतील तपासणीनेच ठरतो. यास्तव कारखान्यात वापरावयाचे स्पिरिट कोणत्याही पेयात मिसळणे हा प्राणघातक अपराध आहे, आणि असे काही पोटात गेल्याचा संशय येताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. एका कार्बनाचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटविण्यास याहून दुसरे उदाहरण शोधावयास नको.

संक्षेपाच्या दोन पद्धती

लहान रेणूसाठी प्रत्येक अणू काढणे शक्य असते, मोठ्यासाठी ते जिकिरीचे होते. खोबरेल तेलातील स्निग्ध आम्लांत सुमारे निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो व तेलात ते ग्लिसरीनशी जोडलेले असते. लॉरिक आम्लाच्या एका रेणूत १२ कार्बन, २४ हायड्रोजन व २ ऑक्सिजन आहेत. संपूर्ण आकृती काढावयाची म्हटल्यास ३८ अक्षरे आणि ३८ रेषा काढाव्या लागतील. एवढी पाटी कोठून आणावी?

यावर पहिला उपाय संक्षिप्त रचनासूत्राचा. त्यात प्रत्येक कार्बनचे हायड्रोजन त्याच्याच शेजारी अंकाने लिहितात आणि मधल्या रेषा गाळतात. ‘सी एच तीन’, त्यानंतर ‘सी एच दोन’ हा गट कंसात घालून बाहेर १०, आणि शेवटी आम्लाचा ‘सी ओ ओ एच’ गट, एवढ्यात लॉरिक आम्ल एका ओळीत मावते. छपाईला आणि टंकलेखनाला ही पद्धत सोयीची आहे.

दुसरा उपाय रेषासूत्राचा. रसायनशास्त्रज्ञ आज बहुतेक याच पद्धतीने आकृती काढतात आणि विद्यार्थी अडखळतो तोही बहुधा येथेच. ठिपक्यांची रांगोळी घालताना आधी ठिपके देतात व मग रेषा ओढतात. रेषासूत्रात ठिपके मनातच ठेवून केवळ रेषा ओढावयाच्या असतात. नियम तीन आहेत. जेथे रेषा वळते किंवा संपते आणि तेथे कोणतेही अक्षर नसते, तेथे कार्बन आहे असे समजावे. कार्बनला जोडलेले हायड्रोजन दाखवू नयेत. ऑक्सिजन, नायट्रोजन यांसारखे इतर अणू व त्यांना जोडलेले हायड्रोजन मात्र अक्षरांनी दाखवावेत.

११ तुकड्यांची एक नागमोडी रेषा काढावी. दोन्ही टोके धरून १२ बिंदू झाले, म्हणजे १२ कार्बन. एका टोकाला दुहेरी रेषेने ‘ओ’ व एकेरी रेषेने ‘ओ एच’ जोडावे. ३८ रेषांचे काम १४ रेषांत झाले.

आता ही आकृती उलट वाचून पाहावी. मोकळ्या टोकाच्या कार्बनला एकच रेषा दिसते, म्हणजे न दाखविलेले तीन हायड्रोजन तेथे आहेत. मधल्या १० बिंदूंना दोन-दोन रेषा, म्हणून प्रत्येकी दोन, एकूण २० हायड्रोजन. दुसऱ्या टोकाच्या कार्बनला एक रेषा साखळीची, दोन दुहेरी बंधाच्या व एक ‘ओ एच’ची, अशा चार रेषा मिळाल्यामुळे तेथे हायड्रोजन नाही. ‘ओ एच’मधील एक धरून बेरीज २४ येते. हिशेब जुळला! जे दाखविले नाही ते चार हातांच्या नियमाने मोजून काढता येते, हेच या पद्धतीचे मर्म आहे. ज्याला हे मोजता आले त्याला आकृती पाठ करावी लागत नाही.

रेषा सरळ न काढता नागमोडी का काढतात, असा प्रश्न हुशार मूल निश्चितच विचारील. सरळ रेषेत वळणे नसल्यामुळे कार्बन मोजता येत नाहीत, हे एक कारण. दुसरे कारण असे की, साखळीतील कार्बनचे बंध प्रत्यक्षातही सरळ रेषेत नसतात. त्यांच्यात सुमारे १०९ अंशांचा कोन असतो.

काजूच्या सालीतील षटकोन

ओल्या काजूबिया फोडताना हातांना राख किंवा तेल लावण्याची काळजी आपल्याकडे घेतात, कारण सालीतील तेल त्वचेला लागताच फोड येतात. या तेलात मुख्यत्वे ॲनाकार्डिक आम्ल असते. त्याच्या एका प्रकाराचे रेणुसूत्र २२ कार्बन, ३६ हायड्रोजन व ३ ऑक्सिजन असे आहे. या आकड्यांवरून काहीच बोध होत नाही. आकृती काढली की चित्र पालटते.

प्रथम एक षटकोन काढावा व त्याच्या एकाआड एक अशा तीन बाजू दुहेरी कराव्यात. हे बेंझीनचे वलय होय. ही रचना १८६५ साली केकुले यांनी सुचविली. या वलयात एकेरी व दुहेरी बंध वेगवेगळे न राहता सहाही बाजू सारख्याच असतात, असे पुढे सिद्ध झाले. म्हणून पुष्कळ पुस्तकांत तीन दुहेरी रेषांऐवजी षटकोनाच्या आत एक वर्तुळ काढलेले आढळते. दोन्ही आकृत्यांचा अर्थ एकच.

आता या षटकोनाचे लागोपाठचे तीन कोपरे घ्यावेत. मधल्या कोपऱ्याला आम्लाचा ‘सी ओ ओ एच’ गट, त्याच्या एका बाजूला ‘ओ एच’ आणि दुसऱ्या बाजूला १५ कार्बनांची लांब नागमोडी शेपटी जोडावी. हे झाले ॲनाकार्डिक आम्ल. निसर्गात त्याच्या शेपटीत एकही दुहेरी बंध नसलेल्यापासून तीन दुहेरी बंध असलेल्यापर्यंत निरनिराळे प्रकार एकत्र असतात. शेपटी पुसली तर उरते सॅलिसिलिक आम्ल, जे नायट्यावरील मलमात वापरतात. शेपटी ठेवून मधला आम्लगट पुसला तर होते कार्डानॉल. काजूबिया भाजताना नेमके हेच घडते. उष्णतेने ॲनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कार्डानॉल उरते. हिशेबाने पाहता २२ कार्बनांतून एक व ३ ऑक्सिजनांतून दोन वजा होतात, हायड्रोजन ३६ चे ३६ राहतात. कार्डानॉलचा उपयोग रंग, रेझिने व वाहनांच्या ब्रेकचे अस्तर यांसाठी होतो. तथापि भाजलेल्या सालीचे तेलही निर्धोक नसते, तेव्हा बिया फोडणाऱ्यांनी हातमोज्यांचा वापर अवश्य करावा.

आणखी एक आकृती शेजारी काढावी. तोच षटकोन, तीच १५ कार्बनांची शेपटी, आणि तिच्या शेजारच्या लागोपाठच्या दोन कोपऱ्यांना दोन ‘ओ एच’. ही बिब्ब्याच्या तेलातील द्रव्याची रचना. बिबा उततो हे आपल्या आजीला ठाऊक होते, काजूचे तेल पोळते हेही ठाऊक होते. दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत आणि दोहोंच्या रेणूंचा चेहरामोहराही एकाच घराण्यातला आहे, हे आकृती शेजारी शेजारी ठेवताच लहान मुलालाही दिसते.

पाचर : कागदाबाहेरची दिशा

पाटी सपाट असते, रेणू सपाट नसतो. कार्बनचे चार हात चौफळी मनोऱ्याच्या चार टोकांकडे, म्हणजे चारही बाजूंना सारख्या अंतरावर पसरलेले असतात. हा विचार १८७४ साली हॉलंडचे व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचे ल बेल यांनी मांडला. त्या वेळी व्हान्ट हॉफ अवघे २२ वर्षांचे होते. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले.

ही खोली कागदावर दाखविण्यासाठी पाचरीचा संकेत वापरतात. आपल्याकडे येणारा बंध भरीव पाचरीने, मागे जाणारा बंध तुटक रेघांच्या पाचरीने आणि कागदाच्या पातळीतील बंध साध्या रेषेने दाखवितात. शर्करांच्या लांब साखळ्यांसाठी एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये याहून सोपी फुलीची पद्धत काढली. तिच्यात आडव्या रेषा पुढे येणाऱ्या व उभ्या रेषा मागे जाणाऱ्या समजतात.

या संकेताचे महत्त्व कळण्यास आमसूल पुरे आहे. कोकमाच्या वर्गातील फळांची आंबटाई टार्टारिक व सायट्रिक आम्लांमुळे येते, असा पूर्वी समज होता. १९६५ साली वाय. एस. लुईस व एस. नीलकंठन या भारतीय संशोधकांनी मलबारी चिंच या कोकमाच्या भाऊबंदातील फळात मुख्य आम्ल निराळेच, म्हणजे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे असे दाखवून दिले. भिरंडाच्या सालीतही तेच प्रमुख आहे. लिंबातील सायट्रिक आम्लाहून त्यात केवळ एक ऑक्सिजन अधिक आहे. परंतु तेवढ्याने त्यात असे दोन कार्बन निर्माण होतात की ज्यांच्या चार हातांना चार निरनिराळे गट आहेत. अशा प्रत्येक कार्बनची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, म्हणून या आम्लाचे एकंदर चार प्रकार संभवतात. भिरंडात त्यांपैकी एक आहे आणि लाल अंबाडीत दुसरा. अणू तेच, कोण कोणाशी जोडलेला हेही तेच. फरक एवढाच की एका कार्बनवरील भरीव पाचर दुसऱ्यात तुटक होते. रेषासूत्रात पाचर काढली नाही तर भिरंड आणि अंबाडी यांची आकृती एकच होईल.

कोणती आकृती केव्हा?

वरील विवेचनावरून दिसून येईल की, प्रत्येक पद्धत काही सांगते आणि काही जाणूनबुजून गाळते. वजनाचा हिशेब हवा असेल तर रेणुसूत्र पुरे. नवशिक्या विद्यार्थ्याने सर्व अणू दाखविणारी संपूर्ण आकृती काढावी. एका ओळीत लिहावयाचे असेल तेथे संक्षिप्त सूत्र, मोठ्या रेणूसाठी रेषासूत्र आणि दिशेला महत्त्व असेल तेथे पाचर वापरावी. यातील एखादी पद्धत श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे नाही.

आकृतीची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. केवळ आकृती पाहून पदार्थ विषारी की औषधी हे ठरविता येत नाही, त्यासाठी प्रयोग व तपासणीच हवी. मात्र दोन पदार्थ नेमके कोठे भिन्न आहेत हे आकृती दाखविते, आणि तपासाची सुरुवात तेथूनच होते. गोव्यात औषधनिर्मितीचे अनेक कारखाने आहेत. तेथील प्रयोगशाळांत काम करू इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांना ही लिपी रोज वाचावी लागणार आहे.

शिक्षकांसाठी काही सूचना

या पाठासाठी महागड्या साहित्याची आवश्यकता नाही. चतुर्थीच्या सुमारास गावातील गणेशमूर्तींच्या चित्रशाळेत चिकणमाती सहज मिळते. तिच्या लहान-मोठ्या गोळ्या व माडाचे हीर यांपासून उत्तम प्रतिकृती बनतात. मातीच्या गोळ्याला चार हीर परस्परांपासून सारख्या अंतरावर टोचण्याचा प्रयत्न मुलांनी केला, की ते एका पातळीत बसत नाहीत हे त्यांचे त्यांनाच कळते.

वर्गात पुढील अभ्यास करून घ्यावा. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन असते. त्याचे ४ कार्बन व १० हायड्रोजन किती निरनिराळ्या प्रकारे जोडता येतील ते काढावे. उत्तर दोन आहे, एक सरळ साखळी व एक फांदी असलेली. ५ कार्बन व १२ हायड्रोजन घेतल्यास उत्तर तीन येईल. नागमोडी रेषा उलटी काढली किंवा वाकडी केली म्हणजे नवा रेणू होत नाही, हा मुद्दा येथे स्पष्ट करावा, कारण बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. त्यानंतर फळ्यावर एखादे रेषासूत्र काढून त्यातील न दाखविलेले हायड्रोजन मुलांना मोजावयास सांगावे. उत्तर चुकल्यास ते पुसून न टाकता प्रत्येक कार्बनचे चार हात मुलाकडूनच पुन्हा मोजवून घ्यावेत.

ग्रामवाचनालये व पालक-शिक्षक संघ यांनीही काजूच्या हंगामात एखादी संध्याकाळ या विषयासाठी राखून ठेवल्यास ते उपयुक्त ठरेल. भट्टीवरचा अनुभव वडीलधाऱ्यांनी सांगावा आणि त्यामागचा रेणू मुलांनी फळ्यावर काढून दाखवावा.